ठासणीची बंदूक आणि कमरेचं पिस्तूल

2024 च्या ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि आठवड्याच्या आत कोकणातल्या आमच्या वाडीत निरोप आला, परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करा. भाऊकाकांना मीच मोटारसायकलवरून घेऊन गेलो. वय वर्षं 74. मांडीवर आडवी धरलेली ठासणीची बंदूक, गोणपाटात गुंडाळून वर सुतळी बांधलेली. ठाण्याच्या व्हरांड्यात आमच्या आधी अकरा जण बसले होते आणि सगळ्यांच्या हातात तसलीच बोचकी होती. अंमलदाराने सुतळी सोडली, नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला, दस्त्याला चिठ्ठी बांधली आणि पावती फाडून दिली. पावतीची घडी बंडीच्या खिशात ठेवताना काका म्हणाले, "आता डुकरांका कोण सांगतलो, इलेक्शन आसा म्हणान?"

भात तेव्हा शेतात उभं होतं. परतीच्या पावसाने कापणी लांबलेली, लोंब्या भरून वाकलेल्या. रानडुकरं याच दिवसांत उतरतात. ती खातात त्याच्या चौपट लोळून नासवतात. बंदूक जमा केल्यानंतरच्या तिसऱ्या रात्री काकांचा खालचा कोपरा गेला. सकाळी पाहिलं तर चटई अंथरावी तसं भात आडवं पडलं होतं आणि चिखलात खुरांचे ठसे होते.

त्या अकरा जणांत रिव्हॉल्व्हर जमा करायला आलेला एकही माणूस नव्हता. तालुक्यात रिव्हॉल्व्हरवाले आहेत. लग्नाकार्यात शर्टाच्या खाली कमरेला आलेला फुगवटा सगळ्यांनी पाहिलेला असतो. चौकशी केली तेव्हा समजलं की माझ्या माहितीतल्या दोघांनी 'जिवाला धोका' हे कारण देऊन सूट मिळवली होती. त्यात बेकायदा काही नाही. शस्त्र कोणी जमा करायचं आणि कोणी नाही हे ठरवायला छाननी समिती असते आणि तिला तो अधिकार आहे. पण शेतकऱ्याची बंदूक आत आणि पुढाऱ्याचं पिस्तूल बाहेर, हा निकाल कायद्याच्या तर्काच्या नेमका उलटा आहे. हा तर्क आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून हे लिहितो आहे.

आपण 'बंदुकीचा परवाना' असं सरसकट म्हणतो. शस्त्र अधिनियम 1959 आणि त्याखालचे 2016 चे शस्त्र नियम असं सरसकट बोलत नाहीत. नियमांच्या परिशिष्टात शस्त्रांचे वर्ग पाडलेले आहेत. पहिल्या वर्गात स्वयंचलित शस्त्रं आणि ज्यांना बोलीभाषेत 'पीबी' म्हणतात ती, म्हणजे प्रतिबंधित बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप) शस्त्रं येतात. त्यांचा परवाना थेट केंद्रीय गृह मंत्रालयाकडून मिळतो. तिसऱ्या वर्गात 'एनपीबी', म्हणजे अप्रतिबंधित बोअरची, सामान्य नागरिकाला जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ज्यांचा परवाना देऊ शकतात ती शस्त्रं येतात. या तिसऱ्या वर्गातही पोटविभाग आहेत. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल वेगळी, रायफल वेगळी, काडतुसाची गुळगुळीत, म्हणजे आतून आटे नसलेल्या नळीची बंदूक वेगळी. तलवारी, भाले, जंबिये पाचव्या वर्गात येतात, ते राहू द्या.

पिस्तूल पहिल्या वर्गात की तिसऱ्या, हे त्यात कोणतं काडतूस बसतं यावर ठरतं. 9 मिलिमीटरचं लष्करी काडतूस, .45, .380, .455 यांपैकी एखादं ज्यात बसतं आणि उडतं, ते हँडगन, म्हणजे हातात मावणारं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, प्रतिबंधित. .32 चं असेल तर अप्रतिबंधित. म्हणून आपल्याकडे परवान्याचं हँडगन म्हटलं की बहुतेक वेळा ते .32 चंच असतं. सरकारी आयुध कारखाने नागरिकांसाठी जे बनवतात त्यातही याच मापाचा भरणा आहे. हा फरक कोणतं शस्त्र किती जीवघेणं यावर केलेला नाही. जवळून झाडलेली .32 ची गोळी माणूस मारायला पुरते. फौज आणि पोलीस जे काडतूस वापरतात ते खासगी शस्त्रात चालू नये, म्हणजे सरकारी कोठारातून दारूगोळा बाहेर झिरपणार नाही, ही त्यामागची काळजी आहे आणि ती इंग्रजांच्या अमलापासून चालत आलेली आहे. कॅनडाच्या कायद्यात .32 आणि .25 ची हँडगनं, काही स्पर्धेची मॉडेलं वगळता, प्रतिबंधित वर्गात आहेत, कारण तिथली चिंता वेगळी, खिशात मावणाऱ्या छोट्या पिस्तुलांची. जे माप आपल्याकडे नागरिकाला खुलं आहे तेच तिथे बंद आहे. तेव्हा 'एनपीबी आहे, म्हणजे साधंच आहे' असं कोणी सांगू लागला तर त्यावर विसंबू नये.

साधं काय आणि धोक्याचं काय, याचं उत्तर कायद्यात दुसरीकडे आहे. ते नळीच्या लांबीत आहे.

1959 च्या अधिनियमाचं कलम 13 वाचून पाहा. 20 इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बंदूक कोणी भारतीय नागरिक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागत असेल, किंवा पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागत असेल, तर परवाना द्यावा असं ते कलम सांगतं. नाकारण्याची कारणं कलम 14 मध्ये मोजून दिली आहेत. ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर पिकासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. इतकंच नाही, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येणार नाही, हेही कलम 14 मध्ये लिहिलेलं आहे. हे वाक्य वाचलं तेव्हा मला संसदेतल्या त्या लोकांबद्दल आदर वाटला. गरीब शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं वाक्य आहे ते. बाकीच्या शस्त्रांसाठी, म्हणजे रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी, भाषा बदलते. तिथे अर्जदाराकडे योग्य कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. 2016 च्या नियमांनी त्यात भर घातली, ती अशी की धंदा, व्यवसाय, नोकरी वा अन्य कारणाने जीव किंवा मालमत्ता राखण्याची खरी गरज दिसली पाहिजे. पहिल्या बाबतीत नकार द्यायचा तर कारण सरकारने दाखवायचं, दुसऱ्या बाबतीत मागणाऱ्याने.

हा भेद का? कारण आखूड नळी लपते. भाऊकाकांची बंदूक त्यांच्या खांद्याएवढी उंच आहे. ती घेऊन ते एस.टी.त चढले तर अख्खी गाडी वळून बघेल. ती भरायची तर आधी नळीत दारू, मग काथ्याची गुंडाळी, मग छरे, ते गजाने ठासायचे, मग घोड्याखाली टोपी बसवायची. सरावलेल्या हातालाही मिनिट-दीड मिनिट लागतं आणि बार एकच निघतो. रागाच्या भरात भांडणारा माणूस एवढा वेळ थांबला तर बहुतेक वेळा राग ओसरलेला असतो. रिव्हॉल्व्हर मात्र टेबलाखालून येतं, आणि ते आलं आहे हे समोरच्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणूनच कलम 6 नुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी कापून आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग बंदूक मुळात परवान्याची का असेना. नळी 20 इंचांच्या खाली गेली की वर्गच बदलतो.

ब्रिटननेही हीच मोजपट्टी वापरली. 13 मार्च 1996 ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या शाळेत एका माणसाने परवान्याची हँडगनं घेऊन 16 मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला मारलं. पुढच्याच वर्षी तिथे हँडगनची खासगी मालकी जवळजवळ संपवण्यात आली. त्या कायद्याने 'हँडगन' या शब्दावर वाद घालत बसण्याऐवजी मापं दिली, 30 सेंटीमीटरपेक्षा आखूड नळी किंवा 60 सेंटीमीटरपेक्षा कमी एकूण लांबी. शेतकऱ्यांच्या लांब नळीच्या शॉटगन परवान्यावर चालू राहिल्या.

कोकणातल्या माणसाला हा तर्क इतिहासातूनही ठाऊक असायला हवा. 1909 साली लंडनच्या इंडिया हाउसमधून चतुर्भुज अमीन यांनी 20 ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरतळात लपवून हिंदुस्थानात आणली. त्यांतलं एक त्याच वर्षी 21 डिसेंबरला नाशिकच्या नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेरे यांच्या हातात होतं. कान्हेरे मूळचे खेड तालुक्यातले. त्यांच्या त्यागापुढे मी नतमस्तक आहे. पण वीस लांब बंदुका चोरतळाच्या पेटीत मावल्या नसत्या आणि नाट्यगृहातही नेता आल्या नसत्या, हेही तितकंच खरं. इंग्रजांनी 1878 च्या शस्त्र कायद्याने सगळा देश निःशस्त्र करायचा प्रयत्न केला आणि युरोपीयांना मात्र त्यातून सूट दिली. तो अपमान होता, म्हणूनच 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला गेला. पुढे संविधान सभेत हरि विष्णू कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याच्या घराण्यातल्या या माणसाने, ती स्वीकारली नाही. अनुच्छेद 19 मध्ये सभेचा हक्क आहे तोसुद्धा 'शांततेने व विनाशस्त्र' असा. शस्त्र आपल्याकडे हक्क नाही, परवानगी आहे, आणि ती कोणत्या कामासाठी दिली ते विचारण्याचा अधिकार समाजाला आहे.

मग हँडगनबद्दल तो प्रश्न आपण विचारतो का? तालुक्याच्या गावात रिव्हॉल्व्हरचा परवाना ही प्रतिष्ठा झाली आहे. चिरेखाण, वाळू, बांधकाम, राजकारण यांत वर चढलेल्या माणसाला गाडीनंतर ते हवं असतं. 'धोका' हा शब्द अर्जात घालायला पैसे पडत नाहीत. आणि शस्त्र एकदा घरात आलं की त्या धोक्याचं पुढे काय झालं हे कोणी पाहत नाही. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. म्हणजे कारण तपासण्याची संधी आणखी विरळ झाली. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील हे केलं, ते चांगलं झालं.

फेब्रुवारी 2024 च्या एकाच आठवड्यात काय घडलं ते आठवा. 2 तारखेला उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, पोलिसांच्या दालनात, आमदाराने प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. 8 तारखेला दहिसरला माजी नगरसेवकाचा खून झाला आणि त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं असल्याचं तपासात पुढे आलं. परवाना एकाच्या नावावर, गोळी दुसऱ्याच्या हातून. मालकाच्या गैरहजेरीत दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी शस्त्र दुसऱ्याने न्यायचं तरी त्याला मालकाचं लेखी अधिकारपत्र लागतं, इतकं कलम 3 बारकाईने बोलतं. तरी हे घडलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अभिनेते गोविंदा यांना मुंबईतल्या राहत्या घरी स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. ना वैरी, ना दरोडेखोर. ते वाचले, हे नशीब.

याला समोरून एक उत्तर येतं आणि ते मी टाळणार नाही. एकटी राहणारी बाई, आडबाजूचं घर, पोलीस यायला तास लागणार, तिने काय करायचं? 2014 मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्याने 'निर्भीक' नावाचं .32 चं हलकं रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून आणलं, तेव्हा हाच विचार मांडला गेला. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. काजू सोलायला जाणाऱ्या बाईला ते परवडणार नाही हे उघड आहे. पैसे असते तरी कपाटातलं रिव्हॉल्व्हर तिच्या हाती पडेल की दारू पिऊन आलेल्या नवऱ्याच्या, याचा विचार ते सुचवणाऱ्यांनी केला होता का? ज्या घरात मारहाण आहे त्या घरात लहान शस्त्र आलं की ते जो जास्त बलवान त्याचं होतं. खरा, दाखवता येणारा धोका असलेल्या माणसाला परवाना मिळावा, कायद्याने वाट ठेवलीच आहे. पण त्या वाटेवर दर पाच वर्षांनी कोणीतरी उभं राहून 'अजून आहे का तो धोका?' असं विचारायला हवं, आणि उत्तर 'नाही' असेल तर शस्त्र परत घ्यायला हवं. आज नूतनीकरण म्हणजे फी भरणं आणि शिक्का घेणं एवढंच उरलेलं मी पाहतो.

दुसरा आक्षेप आमच्या बाजूवर येतो आणि तोही खरा आहे. शेतीसंरक्षणाच्या बंदुकीने शिकार होते. रात्री बॅटरी घेऊन रानात जाणारे लोक मला माहीत आहेत, आणि झुडपामागे हललेलं सावज समजून आपल्याच साथीदाराला छरे घातल्याच्या बातम्याही येत असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 11 खाली, उभ्या पिकाला घातक ठरलेल्या ठरावीक प्राण्यांनाच, तेही वन अधिकाऱ्याच्या परवानगीने मारता येतं. शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे गावात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. वांदरांना पांगवायला मोकळा बार पुरतो. "बार काढलो की पंधरा दिवस तरी वांदरां फिरकनत नाय," असं आमच्याकडे म्हणतात ते उगाच नाही. जो शिकार करेल त्याचा परवाना कलम 17 खाली रद्द करा, वनखात्याचा गुन्हाही लावा. माझी तक्रार नाही. पण ती शिक्षा त्या माणसाची असावी, वाडीतल्या सगळ्या बंदुकांची नको.

आणि शिक्षेचं पारडंही एकदा तपासायला हवं. परवान्याच्या वेळी कायदा ठासणीची आणि पिस्तूल यांत फरक करतो, पण परवाना नसताना पकडलं तर हा फरक पुसला जातो. कलम 25 च्या त्याच पोटकलमाखाली दोघांनाही किमान दोन आणि कमाल पाच वर्षं. गावठी पिस्तूल, म्हणजे कट्टा, घेऊन फिरणारा शहरातला गुंड आणि बाप वारल्यावर माळ्यावरची बंदूक तशीच राहून गेलेला मुलगा एकाच ओळीत. न्यायालय खास कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण तिथवर पोचेपर्यंत माणूस वकिलाच्या फीने अर्धा झालेला असतो. वारसाला परवाना मिळण्याची सोय नियमांत आहे. धारक 70 वर्षांचा झाला किंवा त्याने 25 वर्षं शस्त्र बाळगलं, तर तो हयात असतानाही वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. आमच्या वाडीत ही गोष्ट एकालाही कोणी सांगितलेली नव्हती. काकांचा अर्ज मी 2023 मध्ये त्यांच्या मुलाच्या नावाने भरला. कार्यालयाने तीन वेळा वेगवेगळे कागद मागितले, आणि तिसऱ्या वेळी मागितलेला कागद पहिल्याच वेळी जोडलेला होता.

निवडणुकांचं म्हणाल तर 2024 मध्ये कोकणाने हे दोनदा भोगलं. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली. आमच्याकडे मतदान 7 मेला झालं, पण निकाल 4 जूनला, आणि बंदुका त्यानंतर. मार्च ते मे म्हणजे हापूस आणि काजू. मग 15 ऑक्टोबर ते नोव्हेंबर अखेर, म्हणजे भात. वर्षाची दोन्ही पिकं ज्या महिन्यांत राखायची, त्याच महिन्यांत राखणीचं हत्यार कुलपात. मतदाराला ठासणीच्या बंदुकीने धमकावलं जातं असं कोणी मनापासून म्हणेल का? धमकावण्याचं हत्यार कमरेला असतं, सभेच्या मांडवात दिसतं आणि मतमोजणीच्या रात्री हवेत उडतं.

छाननी समितीने म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करावी. आचारसंहिता लागताच सगळी रिव्हॉल्व्हरं आणि पिस्तुलं जमा, आणि ज्याला ठेवायचं असेल त्याने धोक्याचा पुरावा घेऊन यावं. बँकेचा सुरक्षारक्षक, नेमबाज खेळाडू यांची सोय करता येते. शेतीसंरक्षणाच्या लांब नळीच्या बंदुका घरीच राहाव्यात. त्यांतल्या ज्या धारकावर गुन्हा आहे, जो जामिनावर आहे, जो आधीच्या निवडणुकीत दंगलीत होता, त्याची मात्र मागवून घ्यावी. कायदा बदलायची गरज नाही. कलम 13 मध्ये जो फरक 1959 पासून लिहिलेला आहे, तोच या यादीत उतरवायचा आहे. जिल्हाधिकारी ठरवतील तर पुढच्या निवडणुकीलाच होईल.

काकांची बंदूक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत मिळाली. गोणपाट दमट लागलं होतं आणि नळीवर गंज धरला होता. काकांनी खोबरेल लावून ती दोन दिवस पुसली. वारसाचा अर्ज अजून तिथेच आहे. खालच्या कोपऱ्यात पुढच्या पावसाळ्यात त्यांनी भात लावलं नाही.